टर्बो गाडीला बाहेरचा एक्झॉस्ट बसवताना: डाउनपाइप, वेस्टगेट आणि कन्व्हर्टर

मूळ लेख

पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो गाडीला मूळ निर्मात्याखेरीज दुसऱ्या कोणाचे एक्झॉस्टचे भाग बसवावेत का, असे विचारले की उत्तरे बहुधा दोन टोकांची मिळतात. एक जण मिळेल तितका जाड पाइप टाकायला सांगतो, दुसरा कशालाही हात लावू नका म्हणतो. टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या, आसपास नेमके काय घडते याचा विचार दोन्ही उत्तरांत नसतो, म्हणून हा धागा जरा सविस्तर लिहितो आहे. माझे मत आधीच सांगतो. टर्बो गाडीत टर्बाइनच्या तोंडाला जोडलेला पहिला अर्धा-एक मीटर पाइप, म्हणजे डाउनपाइप, हाच कामगिरीच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायूंचे रूपांतर करणारा भाग) कायम ठेवून, गळती न राहू देता आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मोजून बसवला, तर फरक गाडी चालवताना जाणवतो. त्यामागची सायलेन्सरपर्यंतची नळी हा मुख्यतः आवाजाचा आणि वजनाचा विषय आहे.

टर्बाइनमधून किती काम निघेल हे वायूच्या तापमानाबरोबरच तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांच्या गुणोत्तरावर ठरते. एक हिशेब करून पाहू. अलीकडे २.४ बार आणि पलीकडे १.४ बार निरपेक्ष दाब आहे असे धरले, तर गुणोत्तर सुमारे १.७१ येते. मोकळ्या डाउनपाइपमुळे पलीकडचा दाब १.२ बारवर आला, तर तेच गुणोत्तर साधायला अलीकडे २.०६ बार पुरतात. म्हणजे मागच्या बाजूला ०.२ बार वाचले की सिलिंडरच्या बाजूला ०.३४ बार वाचतात. त्यामुळे जळालेला वायू बाहेर ढकलायला पिस्टनला कमी जोर लागतो, सिलिंडरमध्ये शिल्लक राहणारा गरम वायू घटतो, नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याची, प्रवृत्ती कमी होते आणि टर्बो कमी आरपीएमवरच बूस्ट देऊ लागतो. ‘इंजिनाला थोडा बॅकप्रेशर हवाच असतो’ हे वाक्य टर्बाइनच्या मागच्या भागाला लागू होत नाही.

व्यासाबद्दल लोक फार बोलतात. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर आणि तीन इंच म्हणजे ७६.२ मिलिमीटर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढत असल्याने हा अर्ध्या इंचाचा फरक वाटेचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढवतो. लहान टर्बोच्या, दीड लिटरच्या आसपासच्या इंजिनाला अडीच इंच बहुतेक वेळा पुरून उरतात, आणि तीन इंची पाइपसाठी गाडीखाली जागा नसेल तर तो कुठेतरी चपटा करून किंवा आखूड त्रिज्येत वळवून बसवावा लागतो, ज्यात मिळवलेले बरेच काही परत जाते. माझ्या मते व्यासापेक्षा टर्बाइनच्या तोंडाचा आकार अधिक महत्त्वाचा आहे. टर्बाइनमधून वायू गिरक्या घेत बाहेर पडतो आणि शेजारच्याच छिद्रातून वेस्टगेटचा, म्हणजे टर्बाइनला वळसा देणाऱ्या झडपेचा, वायू येतो. हे दोन प्रवाह तोंडाशीच काटकोनात आपटले तर पुढचा पाइप कितीही रुंद असो, अडथळा तोंडाशीच राहतो. म्हणून तोंड घंटेसारखे रुंद होऊन हळूहळू निमुळते झालेले आहे का, आणि मधे पडदी असेल तर वेस्टगेटची झडप पूर्ण उघडताना तिला अडत नाही ना, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

अपेक्षा किती ठेवावी, हेही स्पष्ट असावे. आधुनिक ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, टॉर्कचे लक्ष्य ठरवून चालतो. पाइप मोकळा झाला तरी ते लक्ष्य बदलत नाही, त्यामुळे ईसीयू वेस्टगेट अधिक उघडून बूस्ट पुन्हा ठरलेल्या पातळीला आणतो. रिमॅप, म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, न करता केवळ डाउनपाइप बदलला तर कमाल शक्ती फारशी वाढत नाही, वाढते ती तत्परता. पॅडल दाबल्यापासून ओढ जाणवेपर्यंतचा वेळ कमी होतो. कन्व्हर्टरच्या मागे जोडायच्या तयार संचातून शक्तीची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा, कारण तेथे वायू बराच थंड होऊन आकुंचन पावलेला असतो आणि मूळ पाइप सहसा पुरेसा असतो. मॅनिफोल्डविषयी, म्हणजे सिलिंडरांचा वायू टर्बोकडे आणणाऱ्या भागाविषयी, इतकेच, की फोक्सवॅगनच्या तिसऱ्या पिढीच्या ईए८८८ किंवा फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टसारख्या इंजिनांत ते सिलिंडर हेडमध्येच ओतलेले असते, त्यामुळे तेथे बदलण्यासारखे काही उरत नाही.

आता धातूबद्दल, कारण भाग टिकणे याच्यावर अवलंबून असते. मूळ एक्झॉस्टमध्ये बहुधा ४०९ जातीचे स्टेनलेस असते, ज्यात क्रोमियम सुमारे ११ टक्के असते आणि ज्याला चुंबक चिकटतो. बाहेरचे चांगले भाग ३०४ जातीचे असतात, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते गंजाला सहजासहजी दाद देत नाही, पण उष्णतेने अधिक लांबते. ३०४ चा एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला तर साडेआठ ते नऊ मिलिमीटर वाढतो, तर ४०९ चा तेवढाच पाइप सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. ही वाढ कुठेतरी सामावली गेली पाहिजे. शिवाय आडवे बसवलेले इंजिन प्रत्येक वेगवाढीला आपल्या माउंटवर मागेपुढे डोलते. म्हणून डाउनपाइपनंतर लवचीक भाग, ज्याला सगळे फ्लेक्स म्हणतात, तो असलाच पाहिजे, आणि त्याच्या आत केवळ जाळी नव्हे तर एकमेकांत अडकलेल्या पट्ट्यांचे अस्तर असावे. फ्लेक्स नसलेला पाइप आपला सगळा ताण टर्बोच्या फ्लॅन्जवर (बोल्टने जोडायच्या कडेवर) आणि तिच्या स्टडवर टाकतो, आणि भेग तेथेच पडते.

प्रतिसाद १

धाग्याबद्दल आभार. दाबाचे गुणोत्तर आकड्यांत मांडलेले प्रथमच पाहिले. एक शंका आहे. बाजारात कन्व्हर्टर नसलेले डाउनपाइप सर्रास मिळतात आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरला नळीचा तुकडा जोडून तो किंचित बाहेर काढला की इंजिनचा दिवा लागत नाही, असे सांगितले जाते. मोकळेपणाच जर हवा असेल, तर कन्व्हर्टर पूर्णच काढणे तर्काला धरून नाही का?

धागाकर्ता

नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचे रूपांतर करतो. तो काढला की हे वायू जसेच्या तसे मागच्या माणसाच्या श्वासात जातात. सेन्सरला तुकडा जोडल्याने प्रदूषण कमी होत नाही, ते ईसीयूला दिसेनासे होते एवढेच. बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीचा कन्व्हर्टर काढणे बेकायदेशीर आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे नियम जेथे लागू आहेत तेथे बदली सायलेन्सरसाठी नियम क्रमांक ५९ आणि बदली प्रदूषण-नियंत्रण साधनांसाठी नियम क्रमांक १०३ आहे. मान्यता मिळालेल्या भागावर वर्तुळातल्या ‘ई’ची खूण कोरलेली असते. ती खूण आणि तो भाग आपल्याच इंजिनासाठी मान्य आहे की नाही, हे दोन्ही पाहावे.

तांत्रिक दृष्टीनेही पूर्ण काढण्याची गरज उरलेली नाही. मूळ कन्व्हर्टरमध्ये एका चौरस इंचात साधारण ४०० ते ६०० घरे असतात, तर मोकळ्या प्रवाहाच्या, धातूच्या गाभ्याच्या कन्व्हर्टरमध्ये २०० ते ३००. असा दर्जेदार कन्व्हर्टर आणि रिकामा पाइप यांच्यातला फरक रस्त्यावरच्या गाडीत फार थोडा असतो. मात्र स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन साठवून ठेवणारा सेरियमचा लेप अपुरा असतो. मागचा सेन्सर नेमकी तीच साठवणक्षमता तपासतो, त्यामुळे कन्व्हर्टर असूनही काही काळाने कन्व्हर्टरची क्षमता कमी असल्याचा पी०४२० हा कोड येऊ लागतो. कन्व्हर्टर मूळच्यापेक्षा बराच मागे सरकवलेला असेल तर तो तापायलाही उशीर लागतो, आणि अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत तो जवळजवळ काहीच काम करत नाही.

प्रतिसाद २

वेस्टगेटचा उल्लेख लेखात झाला आहे, परंतु तो मुद्दा अधिक विस्ताराने यायला हवा, कारण टर्बोचे सर्वाधिक नुकसान मी तेथेच होताना पाहिले आहे. वेस्टगेट टर्बाइनला वळसा घालून जास्तीचा वायू सोडतो, आणि त्याच्या छिद्राचा आकार कारखान्यात मूळ, चोंदलेल्या एक्झॉस्टचा हिशेब धरून ठरवलेला असतो. डाउनपाइप मोकळा झाला की टर्बाइनमधून जाणारी वाट अधिक सोपी होते, आणि झडप पूर्ण उघडी असूनही पुरेसा वायू वळसा घालत नाही. परिणामी आरपीएम वाढत जाईल तसतसा बूस्ट लक्ष्याच्या वर सरकत राहतो. यालाच बूस्ट क्रीप म्हणतात.

हे अचानक उसळणाऱ्या बूस्टपेक्षा वेगळे आहे. उसळी सुरुवातीला येते आणि लगेच खाली बसते, ती नियंत्रणाच्या संथपणामुळे असते आणि रिमॅपमध्ये दुरुस्त होते. क्रीप वरच्या आरपीएमला चढत जातो आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने थांबत नाही, कारण उघडायची ती झडप आधीच उघडलेली असते. ईसीयूने बूस्ट जास्त झाल्याचा पी०२३४ हा कोड नोंदवून शक्ती कापली तर नशीब समजावे. ते झाले नाही तर कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बोचे हवा दाबणारे चाक, आपल्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि मिश्रण विरळ होण्याचा धोका उभा राहतो.

तपासणी अवघड नाही. ईसीयूची माहिती वाचणाऱ्या ओबीडी यंत्रावर लक्ष्य बूस्ट, प्रत्यक्ष बूस्ट, आरपीएम आणि वेस्टगेटची आज्ञा अशा चार नोंदी ठेवाव्यात आणि रिकाम्या बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागीच चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम आरपीएमपासून वरपर्यंत पॅडल पूर्ण दाबावे. वेस्टगेटची आज्ञा पूर्ण उघडण्याची असूनही प्रत्यक्ष बूस्ट लक्ष्यापासून वर जात असेल, तर तेथेच थांबावे. उपाय म्हणजे टर्बाइन हाउसिंगमधले वेस्टगेटचे छिद्र घासून मोठे करणे, झडप त्याप्रमाणे मोठी बसवणे, किंवा वेस्टगेटच्या प्रवाहाला चांगला कोन देणारे डाउनपाइपचे तोंड निवडणे. वेस्टगेटची झडप हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची स्प्रिंग अधिक कडक केल्याने क्रीप वाढतो, कमी होत नाही. आणि डाउनपाइप बदलण्यासाठी ॲक्च्युएटरचा दांडा सोडवण्याची मुळीच गरज नसते, त्यामुळे त्याची लांबी बदलू नये.

प्रतिसाद ३

मी स्टेनलेसचे पाइप जोडण्याचे काम करते, म्हणून वेल्डिंगविषयी भर घालते. ३०४ च्या पाइपला बाहेरून कितीही सुबक टिग वेल्ड असला, तरी आतून आर्गॉन सोडून काम केलेले नसेल तर आतल्या बाजूस धातू ऑक्सिजनशी संयोग पावून खरखरीत, काळपट कवच धरतो. तेथूनच भेग सुरू होते, आणि सुटलेले कण कन्व्हर्टरच्या तोंडाशी जाऊन बसतात. भाग घेताना पाइपच्या आत दिवा टाकून सांधा आतून पाहावा. आतली रेघ बाहेरच्या रेघेइतकीच स्वच्छ असेल तरच तो घ्यावा. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८ एल फिलर वापरतात आणि स्टेनलेसला साधे पोलाद जोडायचे असेल तर ३०९ एल. हे वेल्डरला विचारल्यास त्याचा अनुभवही कळतो.

सेन्सर ज्यात बसतो त्या बॉसची जागाही तपासावी. सेन्सरचे आटे एम १८ आणि १.५ पिचचे असतात. बॉस पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात आणि सेन्सर आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर कललेला असेल असा असावा, नाहीतर थंड पाइपमध्ये साचलेले पाणी सेन्सरच्या तापलेल्या सिरॅमिकवर येते आणि ते तडकते. पाइप जागेवर असताना गाडीवरच वेल्डिंग करायचे झाले तर बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी.

प्रतिसाद ४

आवाजाविषयी कोणी सांगेल का? माझ्या गाडीत बाहेरचा संच बसवल्यापासून ताशी ऐंशी-नव्वदच्या स्थिर वेगाला आत असा घुमारा भरतो की शेजारच्या माणसाशी बोलणे कठीण होते. पाइपच्या टोकाशी आणखी एक लहान सायलेन्सर जोडून पाहिला, त्याने मोठा आवाज कमी झाला पण घुमारा तसाच राहिला.

धागाकर्ता

घुमारा हा एका ठरावीक कंप्रतेचा असतो, म्हणून तंतूंनी भरलेल्या सरळ सायलेन्सरला तो सहसा दाद देत नाही. असे सायलेन्सर उंच स्वर शोषतात आणि खालचे स्वर सोडून देतात. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात आरपीएमला ३० ने भागले की प्रज्वलनाची कंप्रता मिळते. २४०० आरपीएमला ती ८० हर्ट्झ असते. तीन सिलिंडर असतील तर ४० ने भागावे. हा स्वर गाडीच्या पोकळीच्या स्वतःच्या स्वराशी जुळला की कानांवर दाब आल्यासारखे वाटते.

यावर चांगला उपाय म्हणजे पाव तरंगलांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी मुख्य पाइपला फाट्यासारखी जोडणे. वायू साधारण ३०० अंशांवर असेल तर त्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. ४८० ला ८० च्या चौपटीने, म्हणजे ३२० ने, भागले तर दीड मीटर लांबी येते. बंद नळीतला वायू मुख्य प्रवाहापेक्षा थंड असल्याने प्रत्यक्षात ती थोडी आखूड लागते. म्हणून शेवटची टोपी सरकवता येईल अशी ठेवून आधी योग्य लांबी शोधावी आणि मगच वेल्ड करावे. ही नळी मुख्य पाइपला समांतर वळवून बसवता येते आणि तिच्यातून वायू वाहत नसल्याने प्रवाहाला अडथळा होत नाही. आपला घुमारा कोणत्या आरपीएमला सर्वाधिक आहे ते आधी नीट पाहून ठेवा, कारण सगळा हिशेब त्या एका आकड्यावर आहे.

प्रतिसाद ५

डिझेल टर्बोला हेच सगळे लागू होते का?

धागाकर्ता

दाबाचे तत्त्व तेच आहे, मात्र डिझेलमध्ये डाउनपाइपच्या जागी बहुधा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट आणि काजळी अडवणारा डीपीएफ असतो, आणि त्यांना तापमानाचे व दाबातल्या फरकाचे सेन्सर जोडलेले असतात. डीपीएफ साफ करण्यासाठी ईसीयू तापमान सहाशे अंशांच्या घरात नेऊन काजळी जाळतो. ही सगळी साखळी एकत्र चालते, त्यामुळे त्यातला एक भाग बदलण्याचा सल्ला मी देणार नाही. थेट इंधन फवारणाऱ्या अलीकडच्या पेट्रोल गाड्यांतही अशी गाळणी आली आहे, तेव्हा डाउनपाइप मागवण्यापूर्वी आपल्या गाडीत ती आहे का आणि कुठे आहे हे पाहावे.

प्रतिसाद ६

मी हा बदल स्वतः करायचे ठरवले आहे. हत्यारे आहेत, स्टँड आहेत, डाउनपाइप कन्व्हर्टरसह आणि मान्यतेच्या खुणेचा घेतला आहे. प्रत्यक्ष बसवताना कोणत्या क्रमाने जावे आणि शेवटी गळती कशी तपासावी, हे कृपया सांगावे.

धागाकर्ता

गाडी पूर्ण थंड असताना आणि केवळ जॅकवर नव्हे तर स्टँडवर उभी करून काम करावे. टर्बोचे स्टड वर्षानुवर्षे तापून ठिसूळ झालेले असतात. त्यांवर आदल्या दिवशीच गंज सैल करणारे तेल सोडावे आणि नट एकदम न ओढता थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे करत काढावा. जोर लावूनही हलला नाही तर नटच तापवावा. तुटलेला स्टड काढणे हे बाकीच्या सगळ्या कामापेक्षा मोठे काम होऊन बसते. नवे नट, आणि शक्यतो नवे स्टड, आणावेत. गॅस्केट नेहमी नवी घ्यावी.

नवा पाइप टांगताना सगळे जोड आधी बोटांनीच सैल लावावेत, रबरी हँगर आपापल्या जागी आहेत आणि ताणलेले नाहीत हे पाहावे, आणि मग टर्बोकडून मागे मागे जात आवळावे. आधी मागचा जोड घट्ट केला तर पुढची फ्लॅन्ज तिरकी बसते. व्ही-बँड क्लॅम्प असेल तर आवळता आवळता भोवताली हलके ठोकत जावे, म्हणजे तो सगळीकडे सारखा बसतो. आवळण्याची मूल्ये आपल्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेतूनच घ्यावीत. पाइप आणि ब्रेकची नळी, इंधनाची नळी, स्टिअरिंगचे व ॲक्सलचे रबरी बूट यांच्यात अंतर राहिले पाहिजे, आणि इंजिन डोलल्यावरही ते राहिले पाहिजे. मूळ उष्णतारोधक पत्रे काढून ठेवण्याचा मोह टाळावा.

सेन्सरच्या आट्यांना निकेलयुक्त अँटीसीझ (आटे चिकटू न देणारे वंगण) अगदी थोडे लावावे, टोकाला मुळीच लागू देऊ नये. सेन्सरची तार लांब करावी लागली तर ती झाळू नये, योग्य जोडणीच वापरावी, कारण अनेक सेन्सर तारेच्या आवरणातून संदर्भासाठी हवा घेतात आणि वितळलेले झाळण ती वाट बुजवते. कोणत्याही जोडावर साधे सिलिकॉन सीलंट लावू नये. त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा निकामी होतो.

गळतीसाठी इंजिन थंड असतानाच मागच्या टोकातून कमी दाबाची हवा सोडावी, प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे पाहावेत. सोय असेल तर धुराच्या यंत्राने हेच अधिक नेमकेपणाने दिसते. सेन्सरच्या अलीकडे बारीक गळती असली तरी वायूच्या दोन ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण विरळ भासते, आणि ईसीयू विनाकारण इंधन वाढवतो. ओबीडीवर दीर्घकालीन इंधन दुरुस्तीचा आकडा बदलापूर्वी आणि बदलानंतर सारखाच राहिला पाहिजे, म्हणून तो आजच, जुना पाइप काढण्याआधी, नोंदवून ठेवा. बूस्टची नोंदही जुन्या पाइपवर आधी घ्या, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

गळतीची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही, आणि इंजिनखालची गळती वातानुकूलनाच्या हवेबरोबर आत येऊ शकते. पहिल्यांदा इंजिन सुरू कराल ते उघड्यावरच करा आणि पहिल्या फेऱ्यांत काचा उघड्या ठेवा. काही वेळा तापून थंड झाल्यावर सगळे जोड थंड अवस्थेतच पुन्हा तपासा, कारण नवी गॅस्केट पहिल्या तापण्यात दबते. स्वतः अडकून राहणारे नट त्या वेळी पूर्ण सोडवावे लागले तर तेच परत न लावता नवे वापरा.